‘हे काढू का?’ असं विचारणाऱ्या मुलीस

चि. पीए हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव इथे घालत नाही, कारण तुला विचारलेलं नाही. म्हणून नुसता हुद्दा लिहिलाय: पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या जोडीने पेशंट तपासणारी. पत्र मराठीत आहे, म्हणजे तू ते वाचणार नाहीस. धाकटी लेक त्यातलं निम्मं तुला सांगेल. उरलेलं निम्मं तुझ्यासाठी नाहीच. ते न्यू जर्सीतल्या एडिसन, आयसेलिन, पिस्कॅटवे इथल्या माझ्यासारख्या बायकांसाठी आहे, ज्या थंडीत मोजे चढवून डॉक्टरांकडे जातात आणि ते न काढताच घरी येतात.

तुला अहो-जाहो करायला हवं, हे कळतं मला. पण तू माझ्या लेकीहून लहान दिसतेस, आणि ज्या मुलीने माझे पाय मांडीवर घेतले तिला ‘आपण’ म्हणून पत्र लिहायला हात धजत नाही.

खरं सांगायचं तर आमच्या घरात तुझं स्वागत काही बरं झालं नव्हतं. पायाच्या बोटाखालचा डाग दाखवायला त्वचेच्या डॉक्टरांकडे फोन केला, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, डॉक्टरांची तारीख हवी असेल तर पार उन्हाळ्यात, पीए मात्र पुढच्याच आठवड्यात बघेल. आमच्या ह्यांनी बाजूने ऐकलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. ‘म्हणजे कंपाउंडर? विम्याचा एवढा हप्ता भरायचा आणि कंपाउंडरला दाखवायचं?’ वर को-पे, म्हणजे आपल्या खिशातून द्यायचा वाटा, तेवढाच, हे कळल्यावर तर त्यांचा पारा आणखी चढला. पुण्याच्या नणंदेने हळद आणि लोणी लावायला सांगितलं. तिला दर दुखण्यावर तेच सुचतं.

लेकीने मग सगळ्यांना बसवून शिकवणी घेतली. पीए म्हणजे कंपाउंडर नव्हे. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम काढला, कारण डॉक्टर कमी पडत होते आणि नौदलातून परतलेले, जखमा-हाडं सगळं हाताळलेले आरोग्यसेवक (कोअरमन) घरी बसून होते. पहिल्या तुकडीत असे चौघे होते. आता पदवीनंतर सव्वादोन वर्षांच्या आसपास शिक्षण असतं, त्यात दोनेक हजार तास प्रत्यक्ष पेशंटपाशी. मग देशपातळीवरची परीक्षा, आणि पुढेही दर दोन वर्षांनी शंभर तासांचं शिक्षण दाखवल्याशिवाय प्रमाणपत्र टिकत नाही. हे सगळं ऐकून आमचे हे म्हणाले, ‘मग डॉक्टर का नाही झाली?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. आमच्याकडे तो प्रश्न नर्सला विचारतात, फार्मासिस्टला विचारतात, दाताच्या डॉक्टरलासुद्धा विचारतात.

तुझ्याआधी ज्यांना दाखवलं ते खरे डॉक्टर होते. बोर्ड-सर्टिफाइड, भिंतीवर चौकटीत पदव्या. मी कागदाचा गाऊन घालून कुडकुडत टेबलावर बसलेली. ते आले, पाठ पाहिली, दंड पाहिले, आणि कॉम्प्युटरकडे तोंड करून म्हणाले, ‘तुमच्या लोकांना त्वचेच्या कॅन्सरची फारशी भीती नसते. नशीबवान आहात.’ मी म्हटलं, पायाच्या बोटाखाली एक डाग आहे, वाढल्यासारखा वाटतो. ‘तिथे रिंग घालता ना? घासून होतं तसं. सैल करून घ्या.’ पायात मोजे होते, ते तसेच राहिले. बिल मात्र संपूर्ण शरीराच्या तपासणीचं आलं.

आपल्या रंगाला मेलनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, कमी होतो, हे काही खोटं नाही. पण होतो तेव्हा बऱ्याचदा उन्हाच्या जागी होतच नाही. तळपाय, तळहात, नखाखाली अशा जागा धरतो, जिथे कुणी बघत नाही, आणि म्हणून कळतो उशिरा. गायक बॉब मार्लीला १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली निघाला आणि १९८१मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. माझ्या मुलींच्या खोलीत त्याचं पोस्टर होतं, मला तो फक्त केसांवरून माहीत होता. हे सगळं मला नंतर कळलं. ज्यांना आधीपासून माहीत असायला हवं होतं, ते मला नशीबवान म्हणून मोकळे झाले.

तू आत आलीस ती हात धुऊन, आणि आधी नाव सांगितलंस. ‘मी फिजिशियन असिस्टंट आहे, डॉक्टर नाही. काही शंका आली तर डॉक्टर शेजारच्याच खोलीत आहेत.’ मला ते आवडलं. स्वतःचा हुद्दा वाढवून सांगणारे खूप बघितलेत. मग तू डोक्यापासून सुरुवात केलीस. केसांत जागोजागी भांग पाडून, कानामागे, मानेवर, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. आणि शेवटी चाकाचं स्टूल ओढून माझ्या पायाशी बसलीस आणि मोजे काढायला वाकलीस.

मी पाय मागे घेतला. त्या भरात तो तुझ्या गुडघ्याला लागला, तेव्हा मी सवयीने तुला हात लावून तो कपाळाला लावला. तू गोंधळलीस. मी सांगितलं, आमच्यात पाय लागला तर असं करतात. तू म्हणालीस, ‘माझं काम पायांशीच आहे, असं किती वेळा कराल?’ आणि दोन्ही मोजे काढून घडी करून खुर्चीवर ठेवलेस.

मग ते जोडवं. चांदीचं, जाड, सासूबाईंनी साताऱ्याच्या सोनाराकडून करून घेतलेलं. लग्नात बोटात गेलं ते गेलं. आता पाय सुजतात, बोट फुगलंय, ते हलतही नाही. डाग बोटाखाली, निम्मा त्या चांदीच्या आड. तुला तेवढ्यावर थांबता आलं असतं. जेवढं दिसतंय तेवढं बघून ‘पुढच्या वेळी रिंग काढून या’ म्हणायला काय लागतं? तू माझ्याकडे बघून विचारलंस, ‘हे काढू का? की हे काढत नाहीत?’

या देशात इतकी वर्षं झाली. एमआरआयला मंगळसूत्र काढायला लावलंय, विमानतळावर बांगड्या काढायला लावल्यात, एकदा भुलीच्या आधी एका बाईने कुंकू पुसलंय, तेही न विचारता, ओल्या कापसाने. काढावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘काढत नाहीत का?’ हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, नवरा असेपर्यंत काढत नाहीत. तू क्षणभर थांबलीस आणि म्हणालीस, ‘ते बाहेर बसलेत ना? त्यांना आत बोलवू?’

आमचे हे आत आले, कंपाउंडरचा राग अजून चेहऱ्यावर. तू त्यांना सांगितलंस की एक अंगठी थोडा वेळ काढावी लागतेय, तुमच्या समोर काढते. बिचारे कावरेबावरे झाले. त्यांना वाटलं काही कागदावर सही करायचीय.

भिंगाखाली लावायची जेलची ट्यूब असते ना, तिच्यातलं जेल तू बोटाभोवती लावलंस आणि कितीतरी वेळ, एका हाताने कातडी मागे धरून, ते जोडवं केसभर-केसभर पुढे सरकवत राहिलीस. बाहेर तुझे पेशंट खोळंबले असणार. एकदा दारावर टकटक झाली, तू ‘पाच मिनिटं’ म्हणालीस आणि मान वर केली नाहीस. निघाल्यावर ते हत्यारांच्या ट्रेमध्ये नाही टाकलंस. कोऱ्या गॉजवर, माझ्या नजरेसमोर ठेवलंस.

मग ते छोटं दिव्याचं भिंग, डर्माटोस्कोप. त्यातून काढलेला फोटो तू आम्हा दोघांना दाखवलास. तळपायाची कातडी एवढी मोठी करून बघितली तर सरी-वरंबे काढलेलं शेत आहे नुसतं. वरंब्यावर पांढरे ठिपके ओळीने, ती घामाची छिद्रं. तू म्हणालीस, रंग सरीत बसला असेल तर बहुधा साधा तीळ. इथे तो वरंब्यावर आहे. आमच्या ह्यांचं बालपण कोरेगावला उसात गेलं. त्यांना हे माझ्याआधी समजलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला तो तसाच राहिला.

पुढचं फार लिहीत नाही. तू डॉक्टरांना बोलावलंस, तुकडा काढलात, तो तपासायला गेला. रिपोर्ट पोर्टलवर येऊन पडायच्या आधी तुझा फोन आला, नाहीतर हल्ली माणसाला आपला आजार मोबाइलच्या घंटीवर कळतो. मेलनोमा, पण अजून वरच्याच थरात होता, खाली उतरला नव्हता. सर्जनने बाजूची थोडी चांगली कातडी धरून तो काढला, तिथे ठिगळ लावलं. बोट राहिलं.

पण त्या पहिल्या दिवसाचं एक राहिलं सांगायचं. टाका घालून झाल्यावर तू ते जोडवं नळाखाली धुतलंस, कोरडं केलंस. त्या बोटावर आता घालता येणार नव्हतं. मी हात पुढे केला, पर्समध्ये टाकावं म्हणून. तू ते माझ्या हातात दिलंच नाहीस. ह्यांच्या हातात दिलंस आणि विचारलंस, ‘दुसऱ्या बोटात चालतं का?’ चालतं की नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. असं कुणाला विचारायची वेळच आली नव्हती. आमचे हे, ज्यांनी लग्नानंतर माझ्या पायाला कधी हात लावला नसेल, ते स्टुलावर बसले आणि त्यांनी ते शेजारच्या बोटात घातलं. उलटं घातलं, नक्षी आत. मी काही बोलले नाही.

गाडीत ते म्हणाले, ‘पोरगी हुशार आहे.’ एवढ्या बोलण्यावर त्यांनी टर्नपाइकचा हायवे पार केला.

पुण्याचा माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला हे सगळं कळवल्यावर त्याने लगेच एक शोधनिबंध पाठवला, २०१८चा, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या त्वचारोगांवरच्या नियतकालिकातला. एक मेलनोमा सापडायला पीएंना सरासरी एकोणचाळीस बायोप्स्या, म्हणजे तुकडा काढून तपासण्या, कराव्या लागल्या आणि त्वचारोगतज्ज्ञांना पंचवीस. शिवाय अगदी सुरुवातीचा, वरच्या थरातला मेलनोमा पीएंच्या हातून कमी सापडला. ‘मावशी, तुझं नशीब,’ असं खाली लिहिलं होतं. असेल. आकडे खोटे नसणार, आणि मी कुणाला ‘डॉक्टर सोडा, पीए धरा’ असं सांगतही नाहीये. तज्ज्ञाची नजर ती तज्ज्ञाची नजर, तू स्वतःच तर त्यांना बोलावलंस. पण बायोप्सी करावी की नाही हा प्रश्न मोजे काढल्यावर येतो. माझ्या वाट्याला आलेल्या तज्ज्ञाची नजर घोट्यापर्यंतच होती, त्या निबंधात हा रकाना मला दिसला नाही. भाच्याला मी एवढंच विचारलं, की तुझ्या हॉस्पिटलात पीए आहेत का. आहेत म्हणाला. भारतातही २०२१च्या कायद्याने त्यांना आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून जागा मिळाली आहे. मग त्यांना नावाने हाक मारतोस का, असं विचारलं, तर म्हणाला, मावशी, ऑपरेशन थिएटरमध्ये जायचंय, नंतर बोलतो.

सभ्यपणा काही पदवीबरोबर मिळत नाही, तसा पदवीमुळे जातही नाही. हे लिहिणं भाग आहे, कारण तुझ्या त्या शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईसुद्धा भल्या होत्या. आल्या, वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, ‘बरोबर धरलंस.’ तुझ्यासमोर, आमच्यादेखत. आपल्या हाताखालच्या माणसाला पेशंटसमोर बरोबर म्हणणारे वरिष्ठ मी आयुष्यभर बँकेत नोकरी करून फार थोडे पाहिले. बहुतेकांना हाताखालच्याचं काम स्वतःच्या तोंडून सांगायची घाई. आमच्या शाखेत शंभर व्हाउचर बरोबर लिहिणाऱ्या क्लार्कचं नाव कुणाला ठाऊक नसे, आणि एक चुकवणाऱ्याचं झोनल ऑफिसपर्यंत जाई. तेव्हा तुझं कौतुक करताना त्यांनाही त्यातलं अर्धं दे.

मंडळाच्या हळदीकुंकवाला मी यंदा वाणाबरोबर एकेक चिठ्ठी दिली: मोजे काढा, नेलपॉलिश पुसून जा, जोडवी सैल करून ठेवा, तळपाय दाखवल्याशिवाय टेबलावरून उतरू नका. दोघी-तिघी हसल्या. एकीने तिथेच सोफ्यावर बसून पाय वर घेतला आणि मला म्हणाली, हे बघ गं. मी बघितलं, पण मला काय कळतंय! तुझा नंबर दिलाय तिला.

परवा तुमच्या रिसेप्शनवरून फोन आला, की डॉक्टरांकडची एक वेळ रिकामी झालीय, पुढची तपासणी त्यांच्याकडे हवी का. मी म्हटलं, ती दुसऱ्या कुणाला द्या, माझं नाव तुझ्याकडेच राहू दे. आणि त्याच दिवशी, माझ्या पाठोपाठ, आमच्या ह्यांचंही नाव घातलंय. त्यांच्या टकलाकडे जरा नीट बघ, उभा जन्म उन्हात टोपी घातली नाही. मध्येमध्ये तुला तू डॉक्टर का नाही झालीस ते विचारतील. सांगायचं असेल तर सांग, नाहीतर सरळ जीभ बाहेर काढायला लाव.

तुझी,
एडिसनची पेशंट