लेनाकापाविर आले, तरी एचआयव्हीची लस हवीच

महोदय,

एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाविर हे इंजेक्शन आल्यापासून ‘मग एचआयव्हीच्या लशीवर पैसा कशाला ओतायचा?’ असा सूर निघू लागला आहे. औषध उत्तम आहे, यात वाद नाही. २०२४च्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. पण हे संरक्षण औषध अंगात आहे तोवरच. पुढचा डोस चुकला की ते ओसरू लागते. जन्मभर दर सहा महिन्यांनी इंजेक्शन प्रत्येकापर्यंत पोहोचवत राहणे कोणत्या आरोग्ययंत्रणेला जमणार आहे?

दोनेक वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशा अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी १९८४मध्ये व्यक्त केली होती. ती फोल ठरली, याचे कारण विषाणूतच आहे. गोवर झालेला माणूस बरा होतो आणि सहसा त्याला पुन्हा गोवर होत नाही. लशीला फक्त तोच कित्ता गिरवायचा असतो. एचआयव्ही मात्र शरीरात शिरताच काही दिवसांत आपली जनुके पेशींच्या डीएनएत घुसवून दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती त्याला स्वतःहून हुसकावत नाही. वर त्याचे बाह्य प्रथिन सतत बदलते आणि शर्करेच्या रेणूंनी झाकलेले असते.

थायलंडमधल्या १६ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या चाचणीत २००९ साली जेमतेम ३१ टक्के संरक्षण दिसले. त्याच धर्तीवरची दक्षिण आफ्रिकेतली चाचणी २०२०मध्ये आणि ‘मोझाइको’ ही आणखी एका लशीची चाचणी २०२३मध्ये थांबवावी लागली.

पण आता वाट बदलली आहे. विषाणूच्या अनेक उपप्रकारांना रोखणारी प्रतिपिंडे (रक्तातली संरक्षक प्रथिने) पुढे जाऊन तयार करू शकतील अशा अतिशय दुर्मीळ बी-पेशी आधी हेरायच्या आणि टप्प्याटप्प्याने वेगवेगळे डोस देऊन त्यांना घडवायचे. या पद्धतीच्या पहिल्या चाचणीत लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत अशा पेशी जाग्या झाल्या. ही फक्त पहिली पायरी आहे, हे मान्य. एमआरएनए (पेशींना प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू) वापरलेल्या पुढच्या चाचण्यांत काहींना त्वचेचा त्रासही झाला. त्याचा छडा लागलाच पाहिजे. पण एवढी स्पष्ट खूण याआधी माणसांत मिळाली नव्हती.

नेमक्या याच वेळी, २०२५मध्ये, अमेरिकी सरकारने ड्यूक विद्यापीठ आणि स्क्रिप्स संशोधन संस्था येथील दोन प्रमुख लस-संशोधन गटांचा निधी पुढे न वाढवण्याचे ठरवले. हे मला अक्षम्य वाटते. चाचणी फसली की बातमी येते. पैसा आटल्याने जी चाचणी होतच नाही, तिची बातमी कुठेच येत नाही. आपल्या वृत्तपत्राने या निधिकपातीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक