वाचन प्रेरणा दिन आणि फोनबद्दल थोडं

सर्व सभासदांना नमस्कार.

15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी संध्याकाळी 6 वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत आपलं सामूहिक वाचन आहे. आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांनी यावं.

एक आग्रहाची विनंती. आत येण्याआधी फोन सायलेंट करा. व्हायब्रेटवरही नको, टेबलावर घरघरतो. मागच्या वेळी नववीतली एक मुलगी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर वाचत होती. मधेच एका ज्येष्ठ सभासदांचा फोन वाजला आणि 'हं, बोल, कार्यक्रमात आहे' असं खुर्चीत बसूनच बोलणं सुरू झालं. मुलीची ओळ सुटली, ती काही सापडेना. उरलेला परिच्छेद कसाबसा उरकून ती खाली बसली. फार वाईट वाटलं. तातडीचा फोन जिन्यात जाऊन घ्यावा.

मात्र हातात मोबाइल दिसला म्हणून तरुणांना टोकू नका. काही जण पुस्तकच वाचत असतात. अक्षर मोठं करता येतं म्हणून आपल्या काही आज्यांनाही तेच सोयीचं पडतं. फोनवरून वाचणाऱ्यांनी इंटरनेट तेवढं बंद ठेवावं.

प्रत्येकाला 5 मिनिटं. पुस्तक हवं असल्यास ग्रंथपालांकडे मागा, नाहीतर पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत एक चक्कर मारा. काय वाचणार ते 12 तारखेपर्यंत इथेच कळवा. गाड्या शेजारच्या फाटकासमोर लावू नका.