पाण्याचं आणि कडक राज्याचं

तीर्थरूप बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर म्हणालात, "सोलापूरला सिंगापूरसारखं कडक राज्य पाहिजे, मग बघ रोज पाणी येतं की नाही." तेव्हा घाईत होते, म्हणून आता सविस्तर लिहिते.

इथे सिंगापुरात 1959 पासून एकच पक्ष सत्तेवर आहे, आणि तो मतं मिळवूनच येतो. 2020 मध्ये त्याला 61 टक्के मतं पडली, जागा मात्र 93 पैकी 83. बहुतेक जागांवर चार-पाच जणांचं पॅनेल एकत्र निवडून येतं; विरोधकांना तेवढी माणसं उभी करणंच जड जातं.

पण खरी पकड घरावर आहे. जवळपास 80 टक्के रहिवासी सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. माझं भाड्याचं घरही तसलंच. विकत घेतलेलं घरसुद्धा 99 वर्षांच्या पट्ट्यावर, आणि हप्ते पगारातून सक्तीने कापलेल्या फंडातून. 1997 च्या निवडणुकीत पंतप्रधान गोह चोक टाँग यांनी उघड सांगितलं होतं, की आम्हाला निवडून देणाऱ्या वस्त्यांच्या इमारतींची दुरुस्ती आधी. छप्परच त्यांच्या हातात असल्यावर माणूस मत देताना दहादा विचार करणारच.

चांगलंही सांगते. खासदार ठरलेल्या संध्याकाळी इमारतीखाली येऊन बसतो. म्हातारी माणसं कागद घेऊन रांगेत असतात, कार्यकर्ता तक्रार टाईप करतो, खासदार सही करतो. आई, तुला हे फार आवडेल. लाच घेऊ नये म्हणून मंत्र्यांना वर्षाला 11 लाख सिंगापूर डॉलरच्या घरात पगार आहे, आणि 2024 मध्ये ईश्वरन या माजी मंत्र्याला भेटवस्तू घेतल्याबद्दल तुरुंगातही पाठवलं.

पण आपल्या विडी कामगार बायका पूनम गेटसमोर आंदोलनाला बसतात, तसं इथे बसता येत नाही. एकट्याने फलक धरायलाही पोलिसांचा परवाना लागतो. मला याचाच त्रास होतो.

आणि बाबा, 2022 पासून जवळपास चार वर्षं आपली महापालिका प्रशासकाच्याच हाती होती ना? नगरसेवक नाहीत, सभागृह नाही. तरी पाणी चार-पाच दिवसांआडच आलं. जाब विचारायला मात्र कुणी उरलं नव्हतं.

आता नवे नगरसेवक आलेत. गल्लीतल्या चार जणांना घेऊन त्यांच्याकडे जा आणि पाण्याचं वेळापत्रक लेखी मागा. अर्ज मी लिहून पाठवते.

तुमची,
सुमी