जांभळाखालच्या आबांना

आबा,

सप्रेम नमस्कार. हे पत्र तुमच्या नातवाच्या मोबाइलवर येईल, त्यालाच वाचून दाखवायला सांगा. आभार त्याच दिवशी मानायला हवे होते. पण तेव्हा मी गुडघाभर चिखलात उभा होतो आणि तुम्ही हसत होता.

हसणारच. साक्रीकडच्या त्या पांझरेच्या डोहावर नऊ फुटी फ्लाय रॉड, म्हणजे मासे धरायची लवचीक काठी, घेऊन मी सकाळपासून हवेत दोरी फिरवत होतो. या प्रकारात गळाला वजन नसतं, जाड दोरीच्या वजनावरच तो लांब जातो, म्हणून ती मागेपुढे झुलवावी लागते. तुम्ही बिडी पेटवून एवढंच विचारलंत, "चाबूक तं शे भो, बैल कोठे शे?"

मग मला जांभळाखाली नेलंत. ज्येष्ठाचा महिना, फांद्या पाण्यावर वाकलेल्या, वर राघूंचा धुडगूस. मी पाण्यात मासा शोधत होतो, तुम्ही वर बघत होता. राघू ज्या फांदीवर, तिच्याच खाली गवत्या, म्हणजे ग्रास कार्प मासा, फिरणार. "जांभूय पानीमा पडनं का तो येस." आणि आलाच! काळसर लांब सावली, पांढरं तोंड, जांभूळ गडप.

हा मासा आपला नव्हे. 1959 साली हाँगकाँगहून तो भारतात आला. पाणगवत खातो म्हणून तलावांत सोडतात. फळाचा नाद त्याला कुणी लावला, देव जाणे.

तुम्ही आधी मला बूट काढायला लावलेत. तेव्हा राग आला होता. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, या माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, काठावरचं पाऊलही त्यांना कळतं. मग माझ्या गळावर जांभळ्या लोकरीचा गोळा गुंडाळून घेतलात. मी तो शिकल्याप्रमाणे अलगद टेकवला, मासा फिरकलाच नाही. "फूल नही, जांभूय शे ते!" म्हणून ओरडलात. मग टपकन पाडला. पहिल्या वेळी तोंड उघडताच झटका दिला आणि गळ मोकळा परत आला. दुसऱ्यांदा तुम्ही माझं मनगट धरून ठेवलंत, माशाचं तोंड मिटून तो वळेपर्यंत. असं मनगट वडिलांनंतर कुणी धरलं नव्हतं.

तो मासा मी सोडून दिला. तुमच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. घरी चुलीवर तवा तापत होता, हे मला नंतर नातवाने सांगितलं. चुकलंच माझं, आधी विचारायला हवं होतं.

सोबत लोकरीचे चार गळ पाठवतोय. पुढच्या ज्येष्ठात येतो. पहिला मासा तुमच्या चुलीवर.

तुमचा,
चाबूकवाला