एका जड तेलक्षेत्राची सगळी माहिती आमच्या मुलांसाठी खुली करा

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. बहुतेक मुलं कापूस-सोयाबीनवाल्या घरांतली. आमच्या भागात तेलाची एकही विहीर नाही, तरी जमिनीखालच्या तेलसाठ्यांचं गणित ही मुलं जीव लावून शिकतात. त्यांच्या वतीने आपल्याकडे एकच मागणी आहे. देशातल्या एका जड तेलाच्या, म्हणजे घट्ट, सहज न वाहणाऱ्या तेलाच्या क्षेत्राची संपूर्ण तांत्रिक माहिती, फसलेल्या विहिरींसकट, कुणालाही मोफत मिळेल अशी खुली करा.

आज आम्ही शिकवतो ते नॉर्वेच्या माहितीवर. उत्तर समुद्रातल्या वोल्व्ह क्षेत्रातून २००८ ते २०१६ तेल काढलं गेलं आणि २०१८ मध्ये इक्विनॉर कंपनीने त्याच्या सुमारे ४०,००० फाइली जगासाठी मोकळ्या केल्या. हे क्षेत्र तीन ते पाच वर्षं चालेल असा मूळ अंदाज होता, चाललं आठ वर्षांहून अधिक. असा चुकलेला अंदाज मुलांसमोर ठेवता येतो, कारण सगळी कागदपत्रं उघडी आहेत.

विहिरीतून वर येतो तो चार इंच जाडीचा खडकाचा तुकडा. पुढची विहीर शेकडो मीटर लांब. मधल्या खडकात किती पोकळी आहे, मातीचा अभेद्य थर कुठे आडवा आला आहे, हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून एकच नकाशा काढून भागत नाही. विहिरींच्या माहितीशी जुळणारी त्या खडकाची शंभर वेगवेगळी मॉडेलं संगणकावर बनवायची, प्रत्येक चालवून बघायची आणि उत्तर पट्ट्यात सांगायचं: एवढं तेल तरी निघेल याची शक्यता नव्वद टक्के, एवढ्याची पन्नास, एवढ्याची दहा. हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “सर, पानाड्या एकच जागा दाखवते, तुम्ही शंभर दाखवता!” पाण्याची जागा सांगणाऱ्या पानाड्याच्या शब्दावर मारलेला त्याच्या वडिलांचा बोअर कोरडा गेला होता. मग तासभर तोच विषय चालला. एकच जागा ठामपणे दाखवणाऱ्याच्या भरवशावर कर्ज काढलं की काय होतं, हे त्या वर्गाला मी सांगायची गरज नव्हती.

वोल्व्हचं तेल मात्र तसं पातळ. त्याला वाफ लागत नाही, आणि आमची गाडी तिथेच अडते. जड तेल पाण्याच्या शेकडो, कधी हजारो पट घट्ट असतं, म्हणून ते तापवावं लागतं. काही आठवडे वाफ सोडायची, विहीर काही दिवस बंद ठेवून उष्णता मुरू द्यायची, मग त्याच विहिरीतून तेल उपसायचं. तापलेलं तेल वाहू लागतं, पण वाफ सगळीकडे सारखी पसरत नाही. सच्छिद्र पट्टा सापडला की ती त्यातूनच निघून जाते आणि बाजूचं तेल थंडच राहतं. एक बॅरल तेलामागे तीन बॅरल पाण्याची वाफ लागली तर व्यवहार जमू शकतो, सहा लागली तर इंधनाचा खर्चच सगळं गिळतो. विहीर तोट्यात जाणार की नफ्यात, हे त्या न दिसणाऱ्या पट्ट्यावर ठरतं. म्हणूनच वाफेच्या क्षेत्रात अनिश्चिततेचं गणित सगळ्यात जास्त लागतं आणि नेमकी तिथलीच खरी माहिती आमच्या हाती नाही.

आपल्या देशात अशी क्षेत्रं आहेत. गुजरातमधल्या मेहसाणा भागातल्या बालोल-संथाल पट्ट्यात ओएनजीसीने हवा सोडून जमिनीखालचं थोडं तेल पेटवण्याची आणि त्या उष्णतेवर उरलेलं तेल काढण्याची पद्धत १९९० च्या दशकात रुजवली. जैसलमेर जिल्ह्यात बाघेवाला इथे ऑइल इंडियाला १९९१ मध्ये जड तेल सापडलं. साठा हजार मीटरहून खोल, म्हणजे वाफ खाली पोचेपर्यंतच बरीच उष्णता वाटेत जाते. अलीकडे तिथे वाफेचं काम सुरू झालं आहे. त्या विहिरींचं तापमान, दाब, रोजचं उत्पादन आमच्या मुलांना मिळालं तर ती रात्र रात्र मॉडेलं चालवतील. अशी मॉडेलं चालवणारं ओपीएम फ्लोसारखं मोफत सॉफ्टवेअर आहेच.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो. घरचं अवघड तेल काढायला माणसं लागणार आहेत, आणि ती फक्त महानगरांतल्या नामांकित संस्थांतूनच यावीत असं काही नाही.

माहिती साठवायची सोय २०१७ पासून आहे, नॅशनल डेटा रिपॉझिटरी. व्यापारी गुपितांची अडचण असेल तर जुन्या क्षेत्राचा एखादा भाग निवडा. पण कोरड्या निघालेल्या आणि वाफ वाया गेलेल्या विहिरी त्यातून गाळू नका. त्या धरल्या तरच अंदाजाचा पट्टा खरा ठरतो.

क्षेत्र कोणतं हे आपण ठरवा. नवी तुकडी पावसाळ्यात येते, त्याआधी निर्णय व्हावा ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक अध्यापक
जि. यवतमाळ