आमचं मूळ घर केळशीचं

गुहागर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गुहागरात राहून तुम्ही केळशीकर कसे, असं तू विचारलं होतंस ना? उत्तर सापडलंय, आणि तुला कळवल्याशिवाय चैन पडेना.

गाव सोडणाऱ्यालाच गावाचं नाव चिकटतं. केळशीत राहणाऱ्याला शेजारी कशाला केळशीकर म्हणतील? म्हणजे हे नाव आम्हाला गुहागरच्या लोकांनी दिलं. त्याआधी आमचं दुसरं काहीतरी असणार, हे धरूनच मी शोधाला लागलो.

धागा मिळाला माळ्यावर. आजोबा आलेली पत्रं तारेला टोचून ठेवायचे. गंजलेल्या तारेवर पोस्टकार्डांचा गठ्ठा, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यात एक कार्ड केळशीचं, कुणी वारल्याचं. शेवटी ओळ : 'आपणांस दहा दिवसांचे सुतक आहे.' खाली सही, वैद्य! अरे, दहा दिवसांचं सुतक सोयऱ्यांना नसतं, भाऊबंदांना असतं. तेही सात पिढ्यांच्या आतल्या. त्यापुढे तीनच दिवस. वंशावळीचा एवढा पक्का पुरावा त्या एका ओळीत होता.

मग केळशी गाठली. महालक्ष्मीचं दर्शन घेतलं आणि वैद्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. त्यांनी मोडीतली वाटणीची यादी काढली. मोडीत आधी शिरोरेघ ओढतात आणि दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे नाव कुठे संपलं तेच कळत नाही. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी बोट ठेवून वाचलं : पणजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आणि पुढे वैद्य. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र केळशीकर. तिथून ते कायमचं झालं.

आपल्या किनाऱ्याला यात नवल नाही. नाना फडणवीसांचं घराणं वेळासचं, आडनाव भानू. फडणिशी आली आणि तेच नाव झालं. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना १७१३ साली पेशवाई मिळाली, नि वंशज पेशवे म्हणूनच ओळखले गेले.

पण खरं सांगू? आडनावापेक्षा माणसं मिळाली याचा आनंद मोठा. तिथल्या काकू निघताना म्हणाल्या, "आता शिमग्याला पालखीला यायचं हां, पाहुण्यासारखं नाही."

तुमचंही शोधूया. कुलदैवताचा नारळ कुठल्या गावी जातो आणि सुतकाची पत्रं कुठून यायची, एवढं आईंना विचारून ठेव. पुण्याचं घर आवरताना जुने कागद मात्र रद्दीत घालू नकोस.

तुझा,
अविनाश