ठासणीचं रिव्हॉल्वर घरात निघालं तर आधी ओळखा, मग हात लावा

संपादक साहेब, नमस्कार.

मी सातपूरला टूलरूममध्ये फिटर होतो, आता रिटायर आहे, आणि आमच्या नात्यागोत्यात लोखंडाची कुठलीही जुनी वस्तू निघाली की तिचा फोटो पहिला माझ्या मोबाईलवर येतो. कुलपं येतात, अडकित्ते येतात, शिवणयंत्रं येतात, आणि अलीकडे रिव्हॉल्वरचे फोटो यायला लागलेत. काही जुन्या नाशकातले वाडे पाडताना माळ्यावरच्या ट्रंकेत निघालेले, काही अमेरिकेत राहणाऱ्या पोरांनी तिकडे हौसेनं विकत घेतलेले. प्रश्न सगळ्यांचा एकच, काका हे खोलायचं कसं आणि कशानं घासलं की चकाचक होईल. मला कळकळीनं सांगायचंय की हे नंतरचं झालं, आधी हातात काय आहे ते कळू दे, आणि ते कळेपर्यंत स्क्रूड्रायव्हर नि पॉलिश पेपर दोन्ही लांब ठेवा.

पेठ, सुरगाण्याकडच्या जुन्या माणसांना ठासणीची बंदूक सांगावी लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर शिसं, गजानं ठासायचं आणि मागे निपलवर, म्हणजे आरपार भोक असलेल्या छोट्या नळीवर, टोपी बसवायची, घोडा आपटला की तीच ठिणगी देते. हे रिव्हॉल्वर म्हणजे तीच पद्धत, फक्त सहा घरांच्या फिरत्या सिलिंडरमध्ये, आजच्यासारखं धातूचं काडतूस नाही. सॅम्युअल कोल्टनं अमेरिकेत 1836 साली याचं पेटंट घेतलं, पुढे त्याचं 1851 चं नेव्ही मॉडेल इतकं चाललं की लंडनलाही काही वर्षं कारखाना होता, म्हणजे इंग्रज अफसरांबरोबर असली हत्यारं आपल्याकडे येणं काही अशक्य नव्हतं. पण म्हणून ट्रंकेत निघालं ते खरंच त्या काळातलं, असं लगेच धरून चालू नका. अमेरिकेतल्या यादवी युद्धाला 100 वर्षं होत आली तेव्हा तिकडे या हत्यारांची हौस एकदम वाढली आणि 1950 च्या दशकाच्या शेवटापासून इटलीत ब्रेशिया भागात हुबेहूब नकला बनायला लागल्या, उबेर्ती, पिएत्ता ही त्यातली मोठी नावं, आणि आजही बनतात. नक्कल म्हटलं की आपल्याकडे लोकांना खेळणं वाटतं, पण ही नक्कल खरी गोळी मारते.

ओळखायचं कसं तर सगळं अंगावरच लिहिलेलं असतं, नीट उजेडात भिंग घेऊन बघायचं. इटलीच्या प्रत्येक नगाची गार्दोने गावच्या सरकारी टेस्टिंग हाउसमध्ये चाचणी होते आणि तिथले बारीक शिक्के नळीवर, फ्रेमवर, सिलिंडरवर मारलेले असतात. त्यात 'पीएन' अशी रोमन अक्षरं दिसली तर ती पोल्वेरे नेरा, म्हणजे इटालियनमध्ये काळी दारू. शेजारी छोट्या चौकोनात दोन अक्षरं असतात तो वर्षाचा कोड, 'एए' म्हणजे 1975, 'एबी' म्हणजे 1976, असं पुढे. बऱ्याच नगांच्या नळीवर फक्त काळ्या दारूसाठी असं इंग्रजीत सरळ कोरलेलंही असतं. असला शिक्का दिसला की पणजोबांची गोष्ट तिथंच थांबली.

आता मॉडेल. नळीच्या वर, सिलिंडरवरून जाणारी लोखंडी पट्टी नसेल, वरून उघडं असेल, तर ते कोल्टच्या घराण्यातलं. नळी अष्टकोनी असेल तर बहुधा 1851 चं नेव्ही, गोल नळी आणि पुढच्या बाजूला जाड झालेलं सिलिंडर असेल तर 1860 चं आर्मी. वर पट्टी असेल, म्हणजे फ्रेम चारी बाजूनं बंद असेल, तर रेमिंग्टन. नेव्हीच्या सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचं चित्र कोरलेलं असतं, ती 1843 ची टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमाराची लढाई, म्हणून ते नेव्ही. आणखी एक, अस्सल कोल्टच्या या मॉडेलची फ्रेम लोखंडी असायची. पितळी फ्रेमची, यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बाजूनं केलेली कॉपी होती, पण तीही पॉइंट छत्तीस कॅलिबरची, कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं माप. तेव्हा पितळी फ्रेमचं पॉइंट चव्वेचाळीस नेव्ही कोणी पूर्वजांचं म्हणून दाखवलं तर ते इटलीचंच समजा, तसं मॉडेल त्या काळात नव्हतंच.

तिसरा प्रकार भिंतीवर लावायचा शोपीस, तो जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, नळीला लोहचुंबक लावलं तर चिकटत नाही. ही सगळ्यात सोपी टेस्ट. फक्त चुंबक नळीला आणि सिलिंडरला लावा, फ्रेमला लावून फसू नका, कारण पितळेलाही चिकटत नाही.

पण हे सगळं बघायच्याही आधीची गोष्ट, ते भरलेलं आहे का. काडतुसाच्या पिस्तुलात मॅगझीन काढता येतं, इथं दारू नि शिसं पुढून ठासलेलं असतं आणि बाहेरून पटकन कळत नाही. काळी दारू म्हणजे सोरा 75, कोळसा 15, गंधक 10 असं मिश्रण, ते कोरडं राहिलं तर शंभर वर्षांनीही पेटतं. म्हणून वाड्यात सापडलेल्या वस्तूचा घोडा ओढून बघणं, चाप दाबून बघणं, नळीत डोळा घालणं यातलं काहीही करू नका, पोरांना लांब करा, जिथं आहे तिथंच राहू द्या आणि पोलिसांना फोन करा. गोदाकाठच्या वाड्यांचं काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टर लोकांनी आपल्या मजुरांना तरी हे सांगून ठेवलं पाहिजे असं मला फार वाटतं.

खोलणं आणि साफ करणं मी बघितलंय ते पेनसिल्व्हेनियात, भाच्याकडे. तिथल्या केंद्रीय कायद्यात असली नक्कल जुन्या वस्तूंमध्ये धरतात, राज्याराज्यांत नियम वेगळे, पण बऱ्याच ठिकाणी पोस्टानं घरी येते. फिटर माणूस म्हणून सांगतो, कोल्टची जोडणी बघून मन खूश होतं. अख्खी नळी फ्रेमला एका पाचरेवर धरलेली आहे, बाकी खाली दोन पिना नुसत्या जागेवर ठेवायला. सगळी घरं रिकामी आणि निपलवर टोपी नाही हे बघून झालं की घोडा अर्ध्यावर ठेवायचा म्हणजे सिलिंडर मोकळं फिरतं, आणि पाचर उजवीकडून डावीकडे सरकवायची. पोलादी हातोडी नाही, पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा मध्ये धरून हलके ठोके. डाव्या बाजूचा छोटा स्क्रू तिला पूर्ण बाहेर पडू देत नाही, आणि पडायची गरजही नसते. नळी तरी निघत नसेल तर ओढाताण करायची नाही, सिलिंडर असं फिरवायचं की नळीखालच्या ठासायच्या दांड्याचं टोक दोन घरांच्या मधल्या भरीव जागेवर येईल, मग तो दांडा खाली दाबला की नळी स्वतःच पुढे सरकते. हत्यारातच त्याचा पुलर दिलाय! मग सिलिंडर धुऱ्यावरून सरळ बाहेर, आणि निपल त्याच्या खास पान्ह्यानं. रेमिंग्टनला हेही नाही, दांडा खाली केला, पिन पुढे ओढली की सिलिंडर बाजूनं हातात येतं.

साफसफाईत आपले लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण लोखंड म्हटलं की आपला हात आधी तेलाकडे जातो. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त वजन राख आणि क्षार म्हणून मागे उरतं, त्यातले पोटॅशियमचे क्षार पावसाळ्यात बरणीतलं मीठ सुटतं तसे हवेतलं पाणी ओढतात आणि एका रात्रीत गंज धरतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्यामुळे बंदूक चक्क गरम पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं धुवायची, वापरली त्याच दिवशी. भाच्यानं लाकडी दस्ता आधी काढून बाजूला ठेवला, नळी नि सिलिंडर बादलीत घातलं आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तो राखेतल्या गंधकाचा, पाणी काळं शाईसारखं झालं. मग नळीतून ब्रश, सिलिंडरच्या एकेका घरातून ब्रश, निपलची भोकं बारीक तारेनं, आणि पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत हे चालू. शेवटचं पाणी चांगलं कडक घ्यायचं म्हणजे धातू तापतो नि स्वतःच सुकतो. पूर्ण सुकल्यावर मग तेलाचा पातळ हात, निपलच्या आट्यांना आणि धुऱ्याला ग्रीस, नाहीतर पुढच्या वेळी निपल निघायचं नाव घेत नाही.

आतली यंत्रणा मात्र दर वेळी खोलायची नसते. फुटलेल्या टोप्यांचे कपचे आत पडून घोडा अडकायला लागला की खोलतात. तिथं चापाची दोन पायांची पट्टी स्प्रिंग आणि सिलिंडर फिरवणाऱ्या बोटाची बारीक स्प्रिंग, दोन्ही नाजूक, आणि स्क्रू अरुंद खाचेचे. साध्या स्क्रूड्रायव्हरचं टोक निमुळतं असतं, ते खाचेत नीट बसत नाही, घसरतं आणि स्क्रूचं तोंड जातं. टोक खाचेच्या मापाचं, सरळ घासलेलंच लागतं. टूलरूमवाल्यांना हे पटेल.

आता घासण्याबद्दल. जुन्या नाशकातल्या तांबटांचं पितळ झळकताना बघतच आम्ही मोठे झालो, भांडं घासलंच पाहिजे. पण हत्यारावर चिंच, ॲसिड, भांड्याची पावडर, पॉलिश पेपर आणि ग्राइंडरवरचं बफ यातलं काहीही चालत नाही. मी एका घरी बफ मारलेलं रिव्हॉल्वर बघितलंय, आरशासारखं चमकत होतं आणि नळीवरच्या अक्षरांच्या जागी नुसते खळगे होते. आता ते अस्सल का नक्कल, कुठल्या वर्षाचं, कोणीच सांगू शकत नाही. खरं जुनं असेल तर त्याचा काळपट रंग, कोरलेला नंबर, शिक्के हीच त्याची ओळख, ती गेली की पोलिसांना दाखवायला काही उरत नाही आणि म्युझियमलाही त्यात काही उरत नाही.

कायद्याचं लोकांना अजिबात माहीत नसतं म्हणून सरळ लिहितो. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. दारूच्या जोरावर गोळी मारणारं हत्यार ठासणीचं असलं तरी लायसन्स लागतं, आणि नवी नक्कल म्हणून सूट नाही. कलम 45 मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना सवलत आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच, आणि हे ठरवणारे आपण नाही. बाहेरून आणायचं तर कलम 10 आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या पोरांनो, तिकडे कागद लागला नाही म्हणून मामाला गिफ्ट द्यायला सामानात घालून आणू नका, इथं तो थेट गुन्हा होतो. आणि सातपूर, अंबडच्या माझ्या लेथवाल्या भावांनो, निपल म्हणजे अर्ध्या तासाचं काम आहे हे मलाही कळतं, पण कलम 5 मध्ये नुसती दुरुस्तीसुद्धा विनालायसन्स चालत नाही, आणि शोपीसचं खरं हत्यार करून दिलं तर कलम 6 वेगळं. ओळखीच्या माणसाला नाही म्हणायला जड जातं, तरी म्हणा.

तेव्हा साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी कार्यालय, दोन्हीकडच्या शस्त्र परवाना शाखेला विचारून एक चौकट छापा, वारसानं आलेलं किंवा घरात सापडलेलं हत्यार कुठं कळवायचं, कोणते कागद न्यायचे, वस्तू बरोबर घेऊन जायची की पोलीस येऊन नेतात, आणि जुनं ठरलं तर ते सरकारवाड्यातल्या संग्रहालयाला देता येईल का. साध्या मराठीत छापा. लोक भीतीपोटी असल्या वस्तू रात्री गोदेत टाकतात किंवा भंगारात देतात, त्यांना कुठं जायचं तेच माहीत नाही.

आपला,
एक निवृत्त फिटर, सातपूर, नाशिक